स्वतःचा कंप्युटर हॉस्टेलच्या लॅनला जोडायचाय, त्याला चार सह्या?

बालाघाट
काल इथं एकानं लिहिलं, "विद्यार्थ्यांच्या खाजगी कंप्युटरला लॅनची वायर द्यायचीच कशाला, वायफाय आहे की. वायर दिली तर पोरं पिक्चरच उतरवणार." तिथं कमेंटात मावेना म्हणून वेगळा धागा काढला.

माझं परभणीला पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय सोयाबीन, त्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांनी शेताच्या वरून काढलेल्या इमेजेस लागतात. दर ५ दिवसाला एक, अन् एकेक फाइल पाऊण जीबीची. ढगाची टक्केवारी बघून निवडली तरी ढग नेमका आपल्याच तालुक्यावर बसलेला असतो, की टाका फेकून. रात्री वायफायला ५ एमबीपीएसचा स्पीड मिळाला तर एका फाइलला २० मिनिटं, अन् शेवटाला आल्यावर तुटली की पुन्हा श्रीगणेशा.

खोलीत भिंतीवर लॅनचा पोर्ट आहे. रंगवाल्यानं त्याच्यावरून ब्रश फिरवलाय, पण आहे. मग फॉर्म भरला. गाइडची सही, एचओडीची, रेक्टरची, मग संगणक केंद्राची. ११ दिवसांनी म्हणाले पोर्ट चालू केलाय. रंग खरवडून वायर लावली, हिरवा दिवा लुकलुकला, मी खूश. आयपी (नेटवर्कवर कंप्युटरला मिळणारा नंबर) बघितला तर १६९.२५४ नं सुरू होणारा, म्हणजे नेटवर्कनं नंबर दिलाच नाही, कंप्युटरनं आपल्या मनानं घेतला. ठणठण गोपाळ. केंद्रात गेले तर कळलं की फॉर्मवर मी मॅक (नेटच्या कार्डाचा ओळख नंबर) वायफायचा लिहिलाय, वायरचा वेगळा असतो. चुकलं माझं. पण फॉर्मवर नुसतं "मॅक ॲड्रेस" छापलंय, कुठला ते लिहायला शाई संपती का? अन् दुरुस्तीला परत चारी सह्या!

स्विचरूम
काल लिहिणारा मीच. दुसऱ्या एका विद्यापीठात हेच काम करतो. "पिक्चर" शब्द मागं घेतो, बाकी एक अक्षर घेत नाही. सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २०२२ चा आदेश आहे, लॉग म्हणजे सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या. उद्या पोलिसांचं पत्र आलं की अमुक रात्री या आयपीवर कोण बसलं होतं, तर तोंड आम्हाला द्यावं लागतं, तुमच्या गाइडला नाही.

अन् पोरांचे प्रताप ऐका. मागं एकानं घरून राउटर आणला अन् भिंतीवरची वायर वॅनच्या (बाहेरून नेट आत घ्यायच्या) भोकात न लावता लॅनच्या भोकात खुपसली. झालं, राउटर अख्ख्या मजल्याला आमच्याऐवजी स्वतःचेच १९२.१६८ चे आयपी वाटत सुटला. ४० खोल्यांचं नेट बंद, दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा. एकेक खोली ठोठावत रात्री दोनला तो राउटर सापडला, कपाटात, चादरीखाली.

उस्मानाबादी शेळी
चादरीखाली का ठेवावा लागला ते पण सांगा की. खोलीत तिघं अन् पोर्ट एक, मग राउटर नाही आणणार तर काय पोरं पाळीपाळीनं वायर चोखणार? अन् स्विचवर (सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथं जुळतात तो डबा) डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्यानं वाटलेले आयपी अडवायची सोय, चालू केलं असतं तर तो राउटर कितीबी वाटत बसला तरी कुणाला आयपी गेला नसता. ते तुमचं काम होतं.

अन् मॅकचं एवढं कौतुक नका सांगू. विंडोजमध्ये ॲडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटात बदलता येतो. आता पातळ लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नसतो, यूएसबीला वायर जोडून देणारा डोंगल लावायचा, अन् मॅक असतो त्या डोंगलचा. माझा डोंगल मित्रानं नेला की तुमच्या कागदावर तोच मी. चार सह्या घेऊन तुम्ही डोंगलची ओळख पटवायलात.

स्विचरूम
स्नूपिंगला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतो साहेब. मजल्यावरचे डबे बाजारातले साधे आहेत. पैसे तुम्ही देता का?

उस्मानाबादी शेळी
मग ते सांगा ना सरळ. पोरांवर कशाला ढकलता?

जुना वायरमन
तुम्ही सगळे आयपी-मॅक करायलात, माझा प्रश्न वेगळा. बालाघाट ताई, कंप्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर वायर लावूच नका. बोर्डाला अर्थिंगच नाही. मी हॉस्टेलं बघितलेली आहेत, तिसऱ्या भोकात तारच नसती. कंप्युटरच्या पॉवर सप्लायमधली करंटची गळती जाणार कुठं? डब्यावरच बसती.

बालाघाट
येतात! मला वाटायचं थंडीमुळं.

जुना वायरमन
परभणीला मे महिन्यात कसली थंडी? वळवाच्या पावसात वीज पडली अन् एका ब्लॉकातून दुसऱ्या ब्लॉकात तांब्याची लॅन ओढलेली असली की दोन्हीकडचे स्विच जातात. माझ्या डोळ्यादेखत कडुलिंबावर पडली, झाड उभं चिरलं, अन् ओळीनं सात कंप्युटरचे पोर्ट मेले. इमारती-इमारतीत फायबरच टाकावी, काचेतून करंट जात नाही.

गोदाकाठ
लॅन पोर्टात आयसोलेशन असतं, म्हणजे वायरीतला करंट आत जाऊ न देणारा आडोसा, दीड हजार व्होल्टपर्यंत. उगं भीती घालू नका.

जुना वायरमन
विजेपुढं दीड हजार म्हणजे हत्तीपुढं पापड. तुम्ही कधी खड्डा उकरलाय का अर्थिंगचा?

गोदाकाठ
उकरलाय. मीठ-कोळसा घातला, पाणी वतलं. एप्रिलपर्यंत ठणठणीत वाळला. २०१६ ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं, तेव्हा मी लातुरातच होतो. तेव्हा खड्ड्यात बादली वतली असती तर लोकांनी मलाच गाडला असता.

जुना वायरमन
मग केमिकल अर्थिंग करा, त्याला पाणी कमी लागतं. पण नाही, वादच घालायचा.

गोदाकाठ
वाद तुम्ही आणला, धागा आयपीचा होता.

उस्मानाबादी शेळी
चला, आता पाण्यावर. पुढचा नंबर ऊसाचा.

स्विचरूम
विषयावर येतो. बालाघाट, तुमची इमेजची अडचण खरी आहे, एवढं मानतो. पेपरचंही तेच, बऱ्याच जर्नल्स कॅम्पसच्या आयपीवरच उघडतात. म्हणून वायर द्यावी, पण खोलीला नको. विभागात एक टेबल, तिथं पोर्ट, संध्याकाळी आठपर्यंत. लॉगिन माणसाचं, मॅकचं नाही. ८०२.१एक्स (नाव-पासवर्ड दिल्याशिवाय पोर्ट चालू न करणारी पद्धत) लावलं की झालं.

बालाघाट
आठपर्यंत! विभागाला पाचला कुलूप लागतं, चावी शिपाईमामाकडं, अन् मामा गावाकडून जाऊन-येऊन करतात. पण लॉगिन माणसाचं ही गोष्ट पटली. हेच काल लिहिलं असतं तर मी धागाच काढला नसता.

स्विचरूम
काल डोकं फिरलेलं होतं. आमच्या फॉर्ममध्ये मॅकच्या आधी "इथरनेटचा" असा शब्द टाकायला सांगतो. तुमच्या विद्यापीठाचं तुम्ही बघा.

बालाघाट
चला, एक शब्द तरी मिळाला. माझ्या आज दोन सह्या झाल्या. तीन पिनचा बोर्ड बदलून द्या म्हणून रेक्टरकडं गेले, तर त्यांनी त्याचाही फॉर्म दिला.