रिको जीआर ३ की सोनी आरएक्स१०० मार्क ७? वारीला निघताना खिशात कोणता?

चालताबोलता

यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरवलंय. मागे एकदा मोठा कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन पुणे ते सासवड चाललो होतो. दिवे घाट चढेपर्यंत मान आखडली, आणि पुढे फोटो काढण्यापेक्षा बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेण्यातच दिवस गेला. म्हणून या वेळी फक्त खिशात मावेल असा कॅमेरा. चाळून चाळून दोन उरलेत. दोन्ही २०१९ चे, दोन्हींची किंमत विचार करायला लावणारी, आणि दोन्हींचा स्वभाव अगदी उलटा.

जीआर ३ ला एकच लेन्स, २८ मिमीची, म्हणजे रुंद चौकट पकडणारी. झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, स्क्रीन हलत नाही. वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. पण आत एपीएस-सी सेन्सर, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यात असतो तेवढाच. सोनी ३०२ ग्रॅमचा, २४ ते २०० मिमी झूम, वर येणारा व्ह्यूफाइंडर, सेकंदाला २० फोटो, फोर-के व्हिडिओ. सेन्सर मात्र एक इंची, म्हणजे जीआरपेक्षा बराच लहान.

माझं मन जीआरकडे झुकलंय आणि कारण त्याचं स्नॅप फोकस आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, आणि लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र एफ ८ ला, म्हणजे बरंच बारीक. साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. बटण पूर्ण दाबलं की फोकस शोधत न बसता फोटो निघतो. वारीत माणूस तुमच्या शेजारून चालत असतो, त्याला थांबवता येत नाही. तिथे हे फार मोलाचं वाटतं. शिवाय झूम नसला की आपोआप जवळ जावं लागतं, बोलावं लागतं. मला नेमके तसेच फोटो हवेत: भाकऱ्या थापणारे हात, तळपायाचे फोड, पहाटेच्या काकड्याला कंदिलाच्या उजेडातले चेहरे.

ज्यांचं मत उलट आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. पैसे अजून भरलेले नाहीत.

मृद्गंध

माझं मत पूर्ण उलट आहे. तीन वर्षं सोनीच घेऊन चालतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रिंगण. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण असो की पुरंदवड्याचं गोल, तुम्ही दोरीच्या बाहेर असता आणि पुढे माणसांच्या चार रांगा असतात. अश्व समोरून जायला काही क्षण लागतात. २८ मिमीवर तो घोडा करंगळीच्या नखाएवढा येईल. जीआरमध्ये कापून ५० मिमीची चौकट मिळते हे खरं, पण २४ मेगापिक्सेलचे सात उरतात आणि ५० सुद्धा तिथे पुरत नाही. मी २०० ला ठेवते, ट्रॅकिंग (हलत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणारी सोय) चालू करते आणि घोडा दिसला की बटण दाबून धरते. स्क्रीन खाली वाकवून कॅमेरा डोक्यावर धरला तरी चौकट दिसते. जीआरची स्क्रीन हलत नसल्यामुळे तिथे हात वर करून अंदाजाने फोटो काढावे लागतील.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. २८ मिमीने चेहरा भरून घ्यायचा तर तुम्ही हातभर अंतरावर जाणार. नाक मोठं, कान मागे पळालेले. सुरकुतलेल्या, सुंदर म्हाताऱ्या चेहऱ्यावर हा अन्याय आहे. ८०-१०० मिमीवर तोच चेहरा जसा आहे तसा येतो.

तिसरी गोष्ट तुम्हाला कदाचित सुचलीही नसेल, दादा. "जवळ जावं लागतं" हे तुम्ही किती सहज लिहिलंत. रात्रीच्या मुक्कामी अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात हातभर अंतरावर जाऊन कॅमेरा रोखणं मला तुमच्याइतकं सोपं नाही. वारीत मला वाईट अनुभव आलेला नाही, सगळे "माउली"च म्हणतात. पण वारी सोडून बाजारात, जत्रेत, स्टँडवर मी हाच कॅमेरा वापरते. माझं अंतर मला ठरवता आलं पाहिजे.

कातळ

मृद्गंधताई, तिसरा मुद्दा मनापासून मान्य. पण याच अंतराची दुसरी बाजू मला दरवर्षी अस्वस्थ करते. इंद्रायणीच्या आणि चंद्रभागेच्या घाटावर आयाबाया आंघोळ करत असतात आणि काठावर लांब लेन्सवाल्यांची रांग लागलेली असते. त्या बायकांना आपला फोटो निघतोय हे कळतही नाही. २८ मिमीवाल्याला हे करताच येणार नाही, कारण त्याला त्यांच्या समोर जाऊन उभं राहावं लागेल आणि ती माउली त्याला बरोबर सुनावेल.

मी गेली काही वर्षं जीआरनेच बाजार, तालमी, एसटी स्टँड असे फोटो काढतो. माझ्या प्रत्येक बऱ्या फोटोतल्या माणसाने मला पाहिलेलं आहे. छोटा काळा डबा बघून लोक घाबरत नाहीत, शटरचा आवाज जवळपास नाहीच. जपानी छायाचित्रकार दायदो मोरियामा कित्येक वर्षं रस्त्यावर जीआर मालिकेचेच कॅमेरे वापरत आलेत, ते उगीच नाही.

मृद्गंध

कातळ, घाटावरची ती रांग मीही पाहिलीय आणि मलाही चीड येते. पण तो दोष लेन्सला देऊ नका. मी २०० मिमी असूनही घाटावर कॅमेरा बाहेर काढत नाही. आणि जवळ गेल्याने सगळं नीतीत बसतं असंही नाही. थकून रस्त्याकडेला झोपलेल्या म्हातारीच्या तोंडावर वाकून २८ मिमीने फोटो घेणारेही मी पाहिलेत. ती झोपलेली आहे, तिने कुठे पाहिलं त्यांना?

कातळ

झोपलेल्या म्हातारीचं बरोबर आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी एवढं म्हणेन की वाकून फोटो घेणाऱ्याला शेजारचा माणूस हटकू शकतो. पन्नास फुटांवरून घेणारा कुणाला दिसतच नाही. बाकी रिंगणासाठी जीआर निरुपयोगी, हे कबूल.

जुनारोल

उजेडाचा हिशोब कुणी मांडला नाही म्हणून लिहितो, कारण काकड्याच्या फोटोंचं भवितव्य त्यावर ठरणार आहे.

जीआरचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, सोनीचा १३.२ × ८.८. क्षेत्रफळ तिपटीहून थोडं जास्त. दोघांचं छिद्र रुंद टोकाला एफ २.८, म्हणजे तोच शटरचा वेग, तोच आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा त्याचा आकडा) लावला तरी जीआरच्या सेन्सरवर एकूण प्रकाश तिप्पट पडतो. सोनीवर आयएसओ १६०० ला जेवढे दाणे दिसतील, तेवढे जीआरवर साधारण ५००० ला दिसतील. सोनीचा झूम लांब नेला की छिद्र एफ ४.५ पर्यंत आकसतं. तेव्हा सोनीच्या वाट्याला जीआरच्या साधारण आठवा हिस्सा प्रकाश येतो. वर २०० मिमीला हात हलू नये, माणूस हलू नये म्हणून शटरही जलद ठेवावा लागतो. कंदिलाच्या उजेडात हे गणित सोनीच्या बाजूने कधीच सुटणार नाही. दोन्हींमध्ये हात स्थिर करणारी सोय आहे, पण ती तुमचा हात थोपवते, टाळ वाजवणाऱ्याचा नाही.

दुसरं. सोनीचे सेकंदाला २० फोटो इलेक्ट्रॉनिक शटरवरच मिळतात. उन्हात उत्तम. मंडपातल्या स्वस्त एलईडीखाली मात्र फोटोभर आडवे काळे पट्टे येऊ शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे यांत्रिक शटर लावायचा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवायचा. गणपतीत मांडवामांडवांत फिरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

बोलभिडू

पण एवढे पैसे घालायचेच कशाला? हल्लीचा चांगला मोबाइल रात्रीचे फोटो यापेक्षा उजळ काढतो. वारीत मोबाइल तर प्रत्येकाकडे असतोच.

जुनारोल

उजळ काढतो, खरं आहे. तो अनेक फोटो एकावर एक रचून तसं करतो. देवळाच्या भिंतीवर ते छान जमतं. डोलत अभंग म्हणणाऱ्या माणसाच्या ओठांवर, हातावर पाहा. तिथे मऊ मेणासारखं काहीतरी होतं. शिवाय मोबाइलची बॅटरी घरी फोन करायला लागते.

पानफूल

मी सातारची. वारीबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण फुलांचे फोटो काढणारं कुणी हे वाचत असेल तर माझा अनुभव उपयोगी पडावा. मी जीआर ३ घेतला तेव्हा मॅक्रोवर भाळले होते. सहा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं आणि पाठीमागे पठार, ढग, धुकं सगळं येतं. दवबिंदू नावाची किडे खाणारी इवलीशी वनस्पती आणि तिच्यामागे अख्खं आकाश! तो फोटो दुसऱ्या कुठल्या खिशातल्या कॅमेऱ्याने असा निघाला नसता.

पण कासला गेल्यावर कळलं की सहा सेंटिमीटरवर जायचं म्हणजे फुलांत गुडघे टेकायचे. एका फुलासाठी पंधरा तुडवायची. कॅमेऱ्याची सावलीही फुलावरच पडते. आता तिथे मी वाटेवरूनच जे हाताशी येईल ते घेते, आणि आत असलेल्या फुलांसाठी बहिणीचा सोनी मागून आणते. तो २०० मिमीला साधारण एक मीटरवरून फोकस करतो. सीतेची आसवं या फुलांचा निळा झुपका वाटेवर उभं राहून चौकटीत घेता येतो. जीआरने काढलेल्या फोटोत पठार दिसतं, सोनीच्या फोटोत फूल दिसतं. मला पठार दाखवणारा जास्त आवडतो आणि तरी मी सोनीच वापरा म्हणेन, कारण ती फुलं वर्षातून एकदाच येतात.

पक्ष्यांसाठी मात्र दोन्हींच्या नादी लागू नका. भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो होतो, २०० मिमीवर पाण्यावर गुलाबी रेघ आली फक्त.

टाळमृदंग

कुणी आवाजाबद्दल बोलेल म्हणून थांबलो होतो. मी दिंडीत पखवाज वाजवतो. वारीचा निम्मा आनंद कानांनी घ्यायचा असतो. जीआरचा व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच आणि बाहेरचा माइक लावायची सोय नाही. सोनीला माइकची खोबण आहे. पन्नास टाळ एकदम पडले की कॅमेऱ्याच्या आतल्या माइकचा आवाज फाटतो, अभंगाचे शब्दच कळत नाहीत. बाहेरचा छोटा माइक लावून पातळी खाली ओढली तर पखवाजाची थाप वेगळी, टाळ वेगळे ऐकू येतात. आमच्या दिंडीतले म्हातारे विणेकरी आता चालत नाहीत. त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे ते एकाने असाच माइक लावून केलं म्हणून. फोटो शेकड्याने आहेत त्यांचे, पण आम्ही बसतो ते ऐकत.

घाटवाट

पाऊस आणि धूळ! दोन्ही कॅमेऱ्यांना पाणी-धूळ अडवणारं सील नाही आणि दोन्हींची लेन्स आत-बाहेर होते. बाहेर येताना ती हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ. माझा एक जुना कॉम्पॅक्ट (या दोन्हींपैकी नाही) अशाच धुळीने गेला. आभाळाच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका यायचा. लेन्स न निघणारी, त्यामुळे आपण साफही करू शकत नाही. उघडून घ्यायला सांगितलेले पैसे ऐकून तो कपाटात ठेवला.

म्हणून दोन सूचना. झिपवाली जाड पिशवी आणि सुती रुमाल, आणि धुरळ्यात कॅमेरा सारखा चालू-बंद करायचा नाही. दुसरं, बॅटरी. कंपन्यांच्या मापाने जीआर एका बॅटरीवर सुमारे २०० फोटो देतो, सोनी २६०. दोन जादा बॅटऱ्या हव्यातच. जीआर यूएसबी-सीवर चार्ज होतो, म्हणजे मोबाइलचीच केबल चालेल. माझ्या मित्राच्या मार्क ७ ला अजून जुनी मायक्रो केबल लागते आणि मुक्कामी ती हरवली की मागायची कुणाकडे?

चालताबोलता

सगळं दोनदा वाचलं. मृद्गंधताई, "किती सहज लिहिलंत" हे लागलं आणि बरोबर लागलं. माझ्यासाठी जवळ जाणं ही आवड आहे, तुमच्यासाठी तो दरवेळी घ्यायचा निर्णय आहे, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. माझी मुलगी पुढच्या वर्षी बरोबर येणार म्हणतेय. तिला कॅमेरा घेऊन द्यायची वेळ आली तर तुमचं उत्तर तिला वाचायला देईन.

पण मी जीआरच घेतोय. जुनारोल यांच्या आठव्या हिश्श्याने काकड्याचा प्रश्न मिटवला. रिंगणात कॅमेरा खिशातच ठेवेन आणि डोळ्यांनी बघेन. झोपलेल्या माणसाचा फोटो घेणार नाही, हे मृद्गंधताईंनी लिहायच्या आधी मी ठरवलेलं नव्हतं, आता ठरवलंय. टाळमृदंग, तुमचं मात्र मनातून जात नाही. आवाजासाठी छोटा वेगळा रेकॉर्डर घेतला तर चालेल का? विणेपासून किती अंतरावर धरायचा आणि पातळी कुठे ठेवायची, ते सांगा.

टाळमृदंग

चालेल की. विणेकऱ्यांच्या डाव्या हाताला चाला, कारण पखवाज आमच्याकडे उजवीकडे असतो. चार पावलं अंतर ठेवा. पातळी अभंगाच्या सुरुवातीला ठरवू नका. "विठ्ठल विठ्ठल" टिपेला गेलं की तेव्हा बघा आणि त्याहून थोडी खाली ठेवा. वाऱ्यासाठी माइकला स्पंजची टोपी हवी, विशेषतः दिवे घाटात.

मृद्गंध

निर्णय पटला नाही, तरी मनापासून शुभेच्छा. पुरंदवड्याला मी दोरीपाशी असेन. अश्वाचे फोटो हवे असतील तर पाठवते, बदल्यात काकड्याचे द्या. माझ्याकडे एकही धड नाही.