मदत हवी: फोर बाय फोर पिकअपच्या पुढच्या डिफरन्शियलमधून घरघर, अख्खं बदलायचं का?

कडवाकाठ

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, हब (चाक पुढच्या शाफ्टला जोडणारा किंवा मोकळा सोडणारा भाग) हाताने लॉक करायचे. धाव १,३८,००० किमी. काम म्हणजे दिंडोरीकडच्या मळ्यांतून द्राक्षाचे क्रेट पिंपळगाव बसवंतला पोचवणं. रस्ता अर्धा काळ्या मातीचा, अर्धा डांबरी, मध्ये एक फरशी पूल.

लक्षणं: चाळीसच्या पुढे पुढून घरघर सुरू होते, साठला ती बारीक शिट्टीसारखी होते. ॲक्सिलरेटर दाबा की सोडा, आवाजात फरक नाही. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर) गाडी सुटताना एकदाच ‘खट्’. वळताना कटकट नाही. हब पावसाळ्यापासून लॉकवरच आहेत. पुढचे दोन टायर नवे, मागचे झिजलेले. चिखलातून डांबरीवर आल्यावर फोर-हाय काढायचं कधी कधी राहून जातं.

मिस्त्री म्हणतात डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) गेलं, भंगारातलं अख्खं बसवू. पुढची शाफ्ट काढून टू-व्हीलवरच चालवा असंही एकाने सुचवलं. पण चिखलात पुढची चाकं लागतातच. उघडण्याआधी काय काय तपासावं?

नव्वद_नंबर

भंगाराचा सौदा आधी थांबवा.

पहिली तपासणी फुकटची आहे. दोन्ही हब फ्रीवर करा, लिव्हर टू-एचमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना), आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी फिरवा. हब फ्री असताना डिफरन्शियल, आतल्या शाफ्ट आणि पुढची प्रॉपेलर शाफ्ट फिरतच नाही. आवाज गेला तर दोष त्यांच्यातच. तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर बघा. चाकाच्या बेअरिंगचा आवाज मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली की वाढतो किंवा दबतो, डिफरन्शियलचा तसा बदलत नाही.

दुसरी खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे. टू-एचमध्ये इंजिनाचा जोर पुढे जात नाही, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधलं मोठं आणि छोटं दातेरी चाक) नुसतं मोकळं फिरतं. दात खराब असते तर फोर-हायमध्ये कच्च्या रस्त्यावर जोर देताना आवाज एक आणि सोडताना दुसरा आला असता. तुमचा एकसारखा आहे आणि बारीक आहे. पिनियन क्राउनच्या चौपट वेगाने फिरतं, म्हणून त्याच्या बेअरिंगचा सूर नेहमी वरचा लागतो. माझा संशय पिनियन बेअरिंगवर, दातांवर नंतर.

‘खट्’ बहुधा वेगळंच दुखणं आहे. शाफ्टचे क्रॉस (सांधे), स्लिप योकमधलं (शाफ्टच्या सरकत्या जोडातलं) सुकलेलं ग्रीस, आणि डिफरन्शियल ज्या रबरी बुशांवर टांगलेलं असतं ते बुश. रबर फाटलं की जोर पडताच हाउसिंगचं (डिफरन्शियलच्या कवचाचं) नाक उचलतं आणि आपटतं. क्रॉसमेंबर आणि हाउसिंगमध्ये लांब पहार घालून हलवून बघा. याला ‘क्राउनमध्ये प्ले आलाय’ म्हणणारे बरेच भेटतील.

सातपूरकर

वरच्याशी सहमत. त्यात तेलाची भर. गाडी सपाटीवर, तेल कोमट. फिलर प्लग आधी सोडवा, ड्रेन प्लग नंतर. उलट केलं आणि फिलर गंजून अडकला असला तर तेल खाली सांडलेलं आणि भरायला वाट नाही.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणं रोजचंच, घाबरू नका. बोटांत चोळून टोचणारे कण, चमचमते पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर उघडावंच लागेल. तेल दुधाळ चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय.

पाणी कसं शिरतं तेही बघा. लांबून आलेलं तापलेलं हाउसिंग फरशीवरच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हाउसिंगमधली हवा ये-जा करायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. ब्रीदरची नळीच निसटलेली असेल तर विचारूच नका.

आता टायर. हे लोक हसण्यावारी नेतात. नव्या टायरचा व्यास ७३० मिमी आणि मागच्याची नक्षी ६ मिमी झिजलेली धरली, तर मागचा व्यास ७१८ मिमी. पुढचं चाक किलोमीटरला ४३६ फेरे घेतं, मागचं ४४३. रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे) ४.१ असेल तर दोन प्रॉपेलर शाफ्टमध्ये किलोमीटरला जवळपास ३० फेऱ्यांचा फरक. पार्ट-टाइम गाडीत मधलं डिफरन्शियल नसतं, फोर-हायमध्ये दोन्ही शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये (जोर पुढे-मागे पाठवणाऱ्या डब्यात) एकमेकींना जखडलेल्या असतात. चिखलात चाक घसरून हा फरक सुटतो. डांबरीवर सुटत नाही, तो पीळ क्रॉस, चेन आणि पिनियनवर बसतो. लिव्हर टू-एचला परत येताना अडकतो का? तो हाच पीळ. दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घेतली की सुटतो.

कडवाकाठ

धन्यवाद. केलं ते असं:

हब फ्री केल्यावर आवाज पूर्ण बंद.
तेल दुधाळच. ब्रीदरची नळी हाउसिंगवरून निसटून लोंबत होती.
चुंबकावर पेस्ट भरपूर, सोबत तीन-चार बारीक पापुद्रे. दाताचा तुकडा नाही.
पिनियन फ्लँज (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतात ती चकती) हाताने फिरवली तर जरासा प्ले आहे. पुढे-मागे ओढली तरी हलते. सील ओलं आहे.
पहारीने हाउसिंगचा डाव्या बाजूचा बुश उघडा पडतो.

लिव्हर अडकतो, हो. मिस्त्री आता म्हणतात सील बदलून नट कसून टाकू, प्ले जाईल.

नव्वद_नंबर

फ्लँज फिरवताना जरासा प्ले असणं ठीक, तो दातांमधला बॅकलॅश. पुढे-मागे हलणं अजिबात चालत नाही. बेअरिंगचा प्रीलोड (जोडताना मुद्दाम दिलेला दाब) गेलाय. नुसतं सील घातलं तर महिन्याभरात पुन्हा गळेल, कारण डोलणाऱ्या शाफ्टवर सील टिकत नाही.

आणि नट कसणं, ते तर नकोच. दोन पिनियन बेअरिंगांच्या मध्ये बहुतेक गाड्यांत क्रश स्लीव्ह असते, पातळ नळीसारखी. नट आवळताना ती चेपत जाते आणि ठरावीक प्रीलोडला थांबायचं असतं. एकदा चेपली की परत फुगत नाही. पाइप लावून जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं, सैल केलं तर प्रीलोडच उरत नाही. त्यामुळे नवी स्लीव्ह, नवा नट, दर वेळी. काही हाउसिंगमध्ये स्लीव्हऐवजी पक्का स्पेसर आणि शिम (मापाच्या पातळ चकत्या) असतात. उघडल्यावर कळेल.

सामान: पिनियनची दोन्ही बेअरिंग कप-कोनसकट, दोन्ही साइड बेअरिंग (पाण्याने तीही खाल्लेली असतात), पिनियन सील, दोन्ही शाफ्टची सीलं, स्लीव्ह, नट, बुशांचा सेट.

सातपूरकर

काम कोणाला देता यावर सगळं आहे. ज्याच्याकडे डायल गेज आणि छोट्या मापाचा टॉर्क रेंच नाही, त्याला हे देऊ नका. नाशिकला अंबड-सातपूरकडे मोजून काम करणारे हात मिळतात, दोन ठिकाणी विचारा.

उघडण्याआधी बेअरिंग कॅपवर पंचने खुणा, एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. कॅपची अदलाबदल चालत नाही. पिनियनच्या डोक्याखालची शिम मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा. क्राउन-पिनियन तेच, हाउसिंग तेच, तर सुरुवात त्याच शिमने. डाव्या-उजव्या शिमा वेगळ्या पिशव्यांत.

जुळवताना बॅकलॅश क्राउनवर तीन-चार जागी मोजा. सर्वसाधारण ०.१३ ते ०.२० मिमी, अंतिम आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. मग आठ-दहा दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राउनला लाकडाचा तुकडा अडवून पिनियन फिरवा. ठसा दाताच्या मुळाकडे आला तर पिनियन फार आत, शिम कमी करा. टोकाकडे आला तर शिम वाढवा. पुढच्या डिफरन्शियलमध्ये पुढे जातानाचा जोर दाताच्या कोणत्या बाजूवर येतो हे रचनेवर ठरतं, म्हणून दोन्ही बाजूंचा ठसा बघा. मागचं करायची सवय असलेला फिटर एकच बाजू बघून मोकळा होतो.

दात टवके उडालेले निघाले तरच भंगारवाल्याकडे वळा, आणि तेव्हा दात मोजा. ४१ ला १० म्हणजे ४.१, ४३ ला ११ म्हणजे ३.९१. बाहेरून हाउसिंग एकसारखंच दिसतं. मागच्यापेक्षा वेगळा रेशो पुढे बसला तर फोर-हाय टाकताच वर सांगितलेल्या टायरच्या पिळापेक्षा मोठा पीळ.

कडवाकाठ

समजलं. तेल कुठलं? दुकानदार नुसतं ‘नव्वद नंबर’ म्हणून डबा देतो.

नव्वद_नंबर

माझ्या नावावर जाऊ नका :) नव्वद हा फक्त जाडपणा. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं हवं, ८०डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअल सांगेल ते. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत चालतात, जीएल-४ मधलं औषध त्यांना पुरत नाही. हाउसिंग आतून डिझेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा, मगच जोडा. तेल फिलर होलच्या खालच्या काठापर्यंत, ओघळ सुरू झाला की बस. साधारण एक ते दोन लिटर जातं. ५०० किमीला बदला, नंतर फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली की प्लग सोडवून रंग बघत जा.

ब्रीदरला तेल सोसणारी नवी नळी, दोन्ही टोकांना क्लिप, आणि वरचं टोक बॉनेटखाली फायरवॉलजवळ. मध्ये झोळ पडू देऊ नका, तिथे पाणी साचून नळी बुजते. डांबरीवर हब फ्री. चार टायर सारखे होईपर्यंत फोर-हाय फक्त चिखलात.

सातपूरकर

आणि मागच्या डिफरन्शियलचा फिलर प्लगही उघडून बघा. त्या फरशीवरून तेही गेलंय.