कागदी रणगाडे की कागदाचे रणगाडे?

मूळ प्रश्न (पुणे)

जागतिक वारसा सप्ताहात, म्हणजे १९ ते २५ नोव्हेंबरच्या आठवड्यात, आमच्याकडच्या एका जुन्या वाड्यात सर्वांसाठी खुलं प्रदर्शन भरतं. नाणी, मोडी कागद, कुलपं, अडकित्ते असं बरंच काही मांडलेलं असतं. यंदा एक टेबल मला मिळालंय. त्यावर मी कागदात केलेली लष्करी वाहनं ठेवणार आहे: सेंच्युरियन, विजयंता आणि टी-५५ हे रणगाडे, फेरेट ही छोटी चिलखती गाडी आणि एक शक्तिमान ट्रक. सगळी एकास पंचवीस या प्रमाणात.

संयोजकांनी फलकाचा मजकूर पाठवला आहे: ‘कागदी रणगाड्यांचे भव्य प्रदर्शन’. ‘भव्य’ काढायला ते लगेच तयार झाले. ‘कागदी’ हा शब्दही मला खटकतोय, पण त्यांना कारण सांगता आलं पाहिजे. शिवाय प्रत्येक वाहनापुढे छोटी चिठ्ठी ठेवायची आहे. तिथे टरेट (वरचा गोल फिरणारा भाग), हल (खालचा मुख्य सांगाडा), ट्रॅक (चाकांभोवतीचा पट्टा) यांना काय लिहू? शाळेतली मुलं येतात आणि ती चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात, म्हणून शब्द नीट हवेत.

प्रतिसाद (डोंबिवली)

कागदी पिशवी म्हणतो, कागदी कप म्हणतो, कागदी आकाशकंदील म्हणतो. मग रणगाड्यानेच काय घोडं मारलंय? ‘कागदी’ म्हणजे कागदापासून केलेलं. लोकांना कळेल. इतका विचार करू नका.

प्रतिसाद (वाई)

डोंबिवलीकरांनी दिलेली उदाहरणं बरोबर आहेत, आणि नेमकी तीच पाहिली की ताईंना का खटकलं ते कळतं. पिशवी, कप, कंदील या वस्तू कागदाच्या असल्या म्हणून त्यांचं काम अडत नाही. कागदी पिशवीत भाजी राहते, कागदी कंदिलात दिवा राहतो. तिथे ‘कागदी’ हे साधं द्रव्यवाचक विशेषण आहे, लाकडी किंवा पितळी असतं तसंच.

पण ज्या नामात मुळातच बळ, जीव किंवा खरेपणा अपेक्षित असतो त्याच्यामागे ‘कागदी’ लागलं की अर्थ फिरतो. कागदी घोडे नाचवणे. कागदी योजना. कागदी फुलं, ज्यांना वास नाही. कागदी वाघ. यातल्या कुठल्याही ठिकाणी आपण पदार्थ सांगत नसतो, ‘हे खरं नव्हे’ एवढंच सांगत असतो. रणगाडा याच रांगेतला शब्द आहे. ‘कागदी रणगाडे’ असं मथळ्यात वाचलं तर संरक्षण खात्यातल्या रखडलेल्या खरेदीबद्दलची बातमी असेल असं मला वाटेल. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही वाटेल.

अर्थात कागदी लिंबू आणि कागदी बदाम वेगळे. तिथे पातळ सालीचं कौतुकच आहे. म्हणजे शब्द वाईट नाही, तो कुणाच्या सोबतीला बसतो यावर सगळं आहे.

षष्ठी वापरली की हा फेरा टळतो. ‘कागदाचा रणगाडा’ म्हटलं की मन थेट पदार्थाकडे जातं. पावसात मुलं सोडतात तिला आपण सहज ‘कागदाची होडी’ म्हणतो, ते यासाठीच असावं. अडचण एवढीच की ‘कागदाच्या रणगाड्यांचे प्रदर्शन’ यात दोन षष्ठ्या एकापुढे एक येतात आणि फलक वाचताना जीभ अडखळते. मी लिहिलं असतं: ‘कागदातून घडवलेले रणगाडे’. घडवणं हे क्रियापद आपण मूर्तिकारासाठी आणि सोनारासाठी वापरतो, त्यामुळे त्यात मेहनत दिसते.

प्रतिसाद (अहिल्यानगर)

ताई, मी चिलखती दलात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय इथलंच, त्यामुळे ‘रणगाडा’ हा शब्द आमच्या गावात रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. तुमच्या फलकाबद्दल ‘कागदी’च्या आधीचा एक मुद्दा मांडतो. शक्तिमान रणगाडा नाही. फेरेटही नाही. मग फलकावर नुसतं ‘रणगाडे’ कसं चालेल?

जे हिरवं आणि लोखंडी दिसेल त्याला रणगाडा म्हणायची सवय बातम्यांमुळे लागली आहे. जाड चिलखत, साखळीसारखे पट्टे आणि वर गोल फिरणारी मोठी तोफ, थेट समोरासमोर भिडण्यासाठी केलेली, तो रणगाडा. बीएमपी ही पायदळाला आत बसवून नेणारी चिलखती गाडी. के-९ वज्र ही तोफ आहे. स्वतःच्या पट्ट्यांवर चालते, पण काम लांबून मारा करण्याचं. तिला ‘स्वयंचलित तोफ’ लिहितात तेही चुकीचं. स्वयंचलित म्हणजे आपोआप गोळे डागणारी असा अर्थ होतो. ती ‘स्वचलित’ आहे, तिला ओढायला वेगळी गाडी लागत नाही एवढंच.

गाडा आणि गाडी हा भेद मात्र आपल्या भाषेने फुकट हाती दिला आहे, तो वापरा. सेंच्युरियनचं वजन ५० टनांच्या वर, तो गाडा. फेरेट हलकी, चार चाकांची, टेहळणीची, ती गाडी. तोफगाडा, बैलगाडा, संसाराचा गाडा, सगळीकडे ओढताना जीव काढणारं काहीतरी आहे. हिंदीत ‘टैंक’ म्हणून मोकळे होतात. आपला शब्द कानाला त्या यंत्राएवढाच जड लागतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

टरेटला आम्ही टरेटच म्हणायचो, ट्रॅकला ट्रॅक. मराठीत कुणी विचारलं तर मी ट्रॅकला ‘पट्टे’ सांगतो. पोकलेन पाहिलेली मुलं ‘चेन’ म्हणतात आणि त्यांना चटकन समजतं. चिठ्ठीवर ‘साखळीपट्टे’ लिहा, दोन्हीकडची माणसं ओळखतील. हलला ‘धड’. हॅचला ‘झाकण’. बॅरलला ‘नळी’. टरेटचं तुम्ही भाषावाल्यांनी ठरवा.

प्रतिसाद (वाई)

इंग्रजी टरेट म्हणजे मुळात छोटा बुरूजच. म्हणून ‘फिरता बुरूज’ हा शब्द अर्थाने चपखल आहे. पण ताईंच्या शेजारच्या टेबलावर किल्ल्यांची चित्रं असतील. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरीसह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून बुरूज, माची, तट हे शब्द मुलांच्या तोंडी पुन्हा आले आहेत. नुसतं ‘बुरूज’ लिहिलं तर गोंधळ होईल. ‘फिरता’ हे विशेषण मात्र सगळं सांभाळून घेतं, आणि कुठला तरी मुलगा नक्की विचारेल की किल्ल्याचा बुरूज फिरत नाही, मग हा कसा फिरतो. विचारू दे.

किल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं आणि इंग्रजी टँक हे शब्द नात्यातले आहेत. इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ गुजराती-मराठी टांकी-टाके यांच्याकडे नेतात आणि पोर्तुगीज ‘तांके’चाही त्यावर परिणाम झाला असं सांगतात. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन इथे ही यंत्रं बनत होती. ती गुप्त राहावीत म्हणून पाण्याच्या टाक्या बनत आहेत असं भासवलं गेलं, आणि डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हे नाव कायम झालं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा रणात उतरली. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचा फोटो त्या प्रदर्शनात असेल तर तुमची चिठ्ठी त्याच्याजवळ ठेवून पाहा.

प्रतिसाद (सासवड)

‘प्रतिकृती’बद्दल कुणीच बोललं नाही. शब्द चांगला आहे, पण संग्रहालयाच्या काचेआडचा. आमच्याकडे दिवाळीत मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे, तोफा, भाजीवाली, वाघ ठेवतात. त्या सगळ्याला ‘चित्रं’ म्हणतात. ‘चित्रं आणायला चाललोय’ म्हटलं की कागदावरची चित्रं कुणाच्याही डोक्यात येत नाहीत. लहान आकारातल्या हुबेहूब वस्तूला हा आपला घरचा शब्द आहे. आणि ती ‘मांडायची’ असतात. चित्रं मांडली, भातुकली मांडली, पट मांडला. प्रदर्शन ‘भरतं’ किंवा लोक ते ‘करतात’, त्यात पुष्कळदा आव असतो. शक्तिप्रदर्शन हा शब्द बघा. ‘देखावा’ तर अजिबात नको, गणपतीपुरता ठीक आहे.

प्रतिसाद (डोंबिवली)

‘चित्रं’ मलाही आवडलं, पण नागपूरहून किंवा नांदेडहून आलेला माणूस टेबलावर चित्रं शोधत बसेल. फलकावर प्रतिकृतीच ठेवा. ‘कागदी’चा मुद्दा मात्र वाईकरांचा पटला.

प्रतिसाद (व्रोत्सवाफ, पोलंड)

नोकरीनिमित्त इथे आलो आणि हा छंद इथेच लागला, म्हणून लिहितोय. पोलंडमध्ये कागदी मॉडेलांची मोठी परंपरा आहे. ‘मावी मोदेलाश’ हे मासिक १९५७ पासून निघालं. त्यात छापलेले भाग कापून विमान, जहाज, रणगाडा तयार करायचा. प्लास्टिकचे संच मिळणं जिथे कठीण होतं तिथे या पानांवर पिढ्या वाढल्या. रणगाड्यांसाठी एकास पंचवीस हे प्रमाण इथे रुळलेलं आहे, ताईंनी तेच घेतलेलं पाहून बरं वाटलं.

शब्दाबद्दल सांगायचं तर ‘कागदी वाघ’ इथल्या भाषेतही आहे आणि त्याचा अर्थ आपल्यासारखाच. छंदाला मात्र इथली माणसं ‘कार्टनचं मॉडेलकाम’ म्हणतात. कागद नव्हे, कार्टन, म्हणजे जाड कागद. त्यावरून सुचतं: ‘पुठ्ठ्याचे रणगाडे’ कसं वाटतं?

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

पुठ्ठा नको दादा. पुठ्ठा म्हटलं की खोक्याचा तपकिरी, जाडजूड पुठ्ठा डोळ्यापुढे येतो. माझ्याकडे पुठ्ठा फक्त आत असतो, धड वाकू नये म्हणून घातलेल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत आणि चाकांच्या चकत्यांत. बाहेर दिसतो तो सगळा जाड कागदच. घडीच्या रेषेवरून आधी संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं, मग दुमडायचं, म्हणजे कडा फाटत नाही. कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसते, तिच्यावर जलरंगाचा हात फिरवायचा. नळीसाठी कागद आधी टेबलाच्या कडेवरून ओढून मऊ करायचा आणि मग सुईवर सुरळी करायची. साखळीपट्ट्यातली प्रत्येक कडी वेगळी कापून चिकटवायची. काही लोक पट्टी सलग छापून गुंडाळतात, पण मग चाकांच्या वर पट्टा जिथे आपल्या वजनाने सैल पडतो ती ओढ येत नाही, आणि गाडा जड वाटत नाही.

काका, तुमच्या गाडा-गाडीने माझं काम सोपं केलं. एक विचारू? सेंच्युरियनच्या चिठ्ठीवर ‘पूना हॉर्स’ लिहायचंय. त्याचं मराठी करावं का? आणि आतल्या माणसाला काय म्हणू, सैनिक की चालक?

प्रतिसाद (अहिल्यानगर)

पलटणीच्या नावाचं भाषांतर करू नका. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली घोडदळाची तुकडी आहे ती, आणि नाव तेच राहिलं. घोडे गेले, गाडे आले, पण हुद्दे घोडदळाचेच: सवार, दफेदार, रिसालदार. चिलखती दलातला साधा जवान आजही ‘सवार’ असतो. आपल्या मराठीतला ‘स्वार’ तोच. म्हणून चिठ्ठीवर ‘सवार’ लिहा. गाडा हाकणारा चालक, तोफ डागणारा तोफची, आणि हुकूम देणारा कमांडर. पहिले दोन मराठीत चालतात, तिसरा तसाच राहू दे.

पूना हॉर्सला दोन परमवीरचक्रं मिळाली: १९६५ ला लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. दोघांनाही मरणोत्तर, आणि दोघेही सेंच्युरियनवर लढले. खेत्रपाल पुण्यात जन्मलेले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पडले तेव्हा २१ वर्षांचे होते. त्यांच्या गाड्याचं नाव ‘फामागुस्ता’, आणि तो आमच्या नगरलाच जपून ठेवलेला आहे. पुण्यातल्या मुलांना हे वाचायला मिळालंच पाहिजे. तुमचा गाडा कागदाचा असला तरी नाव पूर्ण लिहा, हुद्द्यासकट.

आणि ‘शहीद’ लिहू नका असं माझं मत. ‘धारातीर्थी पडले’ हा आपला शब्द आहे. धार म्हणजे शस्त्राची धार, आणि तेच तीर्थ.

प्रतिसाद (वाई)

काकांशी पूर्ण सहमत. ‘धारातीर्थी’ शब्द अवघड नाही, फक्त नेहमी वाचनात येत नाही. मुलांनी तो एकदा मोठ्याने वाचला की पुरे.

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

संयोजकांशी बोलले. ‘कागदी घोडे’चं उदाहरण दिल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. फलक असा ठरला:

‘रणगाडे आणि लष्करी गाड्या. कागदातून घडवलेल्या प्रतिकृती. प्रमाण १:२५ (एकास पंचवीस)’

सासवडकरांसाठी, टेबलाच्या कडेला लावायच्या सूचनेत ‘मांडलेल्या प्रतिकृतींना हात लावू नये’ असं लिहिलंय. ‘प्रदर्शित’ शब्द काढून टाकला.

आणि सेंच्युरियनची चिठ्ठी:

‘सेंच्युरियन, १७ पूना हॉर्स. धडाची लांबी सुमारे ७.६ मीटर, इथे ३० सेंटीमीटर. मधला फिरता बुरूज (टरेट) सर्व बाजूंना वळतो. खाली साखळीपट्टे. बसंतरच्या लढाईत, १६ डिसेंबर १९७१ रोजी, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल अशाच एका गाड्यावर, फामागुस्तावर, लढता लढता धारातीर्थी पडले. परमवीरचक्र (मरणोत्तर).’

शक्तिमानच्या चिठ्ठीत मी ‘जबलपूरला बनलेला, जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर’ एवढंच लिहिलंय. नावात शेवटी ‘मॅन’ येतं, ते मुलांनी स्वतः ओळखावं असं वाटतं. वाईकर, ‘परवान्यावर’ बरोबर की ‘परवान्याने’?

प्रतिसाद (वाई)

‘परवान्याने’. परवान्यावर सुटतात ते कैदी.