मदत हवी आहे: बंधाऱ्यामागची वाळू वाहून जातेय, ग्राउटिंग (पोकळीत सिमेंट किंवा रेझिन दाबाने भरणं) कसं करावं?

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीसमोरच्या धूपप्रतिबंधक भिंतीला अमावास्येच्या उधाणात तडे गेले. भिंत उभी आहे, पण पायाखालून पाणी आत शिरतं आणि सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) मागची वाळू ओढून नेतं. काल रस्त्याकडेला कमरेएवढा खड्डा पडला. तिथून दहा पावलांवर काकूंचं घर आहे, जीव थाऱ्यावर नाही.

खड्ड्यात जांभ्याचे तुकडे नि माती टाकली, दोन भरत्यांत सगळं गेलं. कंत्राटदार म्हणतो, भोकं पाडून सिमेंटचं ग्राउट दाबाने भरू. पण वाहत्या पाण्यात साधं सिमेंट घट्ट होण्याआधीच धुऊन जाईल ना? सोडियम सिलिकेटने ते लवकर आवळतं, आणि पॉलियुरेथेन रेझिन पाणी लागताच फुगून पोकळी भरतं. मग आधी रेझिनने गळती थांबवून नंतर सिमेंट भरावं का? काम उधाणाच्या सुकतीत करावं, की भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या) दिवसांत? आणि भिंतीतली निचऱ्याची भोकं कशी जपावीत? ती बुजली तर मागे पाणी साचून भिंतच ढकलली जाईल.

असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया लवकर सांगा. पौर्णिमेचं उधाण आठ दिवसांवर आलंय.