नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी पुणे-कोल्हापूरकडे चांगले पेन स्पेशालिस्ट?

आईला (वय ७१, सातारा) दिवाळीत नागीण झाली. पुरळ कधीच गेलं, पण डाव्या बरगडीवरची आग आणि करंट मारल्यासारखी कळ अजून आहे. पदर घासला तरी कळवळते. मधुमेह नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेलं असल्याने प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाचा डोस वाढवता येत नाही, आहे त्यानेच चक्कर येते. काचबिंदूमुळे अ‍ॅमिट्रिप्टिलिन (अशा दुखण्यावरचं दुसरं औषध) नको म्हणाले डॉक्टर. लिडोकेनच्या (बधिर करणाऱ्या) पट्टीने जरा झोप लागते, इतकंच. (लेप-उतारे सुचवू नका, शेजारणींनी सगळे करून झालेत.)

आता नर्व्ह ब्लॉक (दुखणारी नस बधिर करणारं इंजेक्शन) देणाऱ्या पेन क्लिनिकमध्ये न्यावं म्हणतोय. किडनी सांभाळून औषध देणारे, ऐकून घेणारे डॉक्टर स्वतःच्या अनुभवातून कोणी सुचवाल का? आणि इतक्या महिन्यांनी ब्लॉकचा कुणाला खरंच उपयोग झालाय का?