सीबीडी म्हणजे टीएचसीचा उतारा नव्हे

सीबीडी आणि टीएचसी हे दोन्ही गांजाच्या झाडातले घटक; नशा आणतं ते टीएचसी. कुणीतरी लिहिलंय की सोबत सीबीडी घेतलं की टीएचसीची नशा उतरते. इतकं सरळ नाही हो ते. टीएचसी मेंदूतल्या पेशींवरच्या सीबी१ नावाच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या जागेला) थेट चिकटतं, म्हणून तर वेळेचं भान सुटतं, भूक खवळते. सीबीडी तिथे फारसं चिकटतच नाही. प्रयोगशाळेत ते टीएचसीचा जोर कमी करताना दिसतं खरं, पण माणसांवरच्या चाचण्यांत निकाल उलटसुलट आलेत. उलट, पोटात घेतलेलं जास्त डोसचं सीबीडी यकृतातली टीएचसी मोडणारी एन्झाइम्स अडवतं, मग टीएचसी रक्तात वाढूही शकतं.

मला खरी काळजी वाटते ती इतर औषधांची. फिट्ससाठी क्लोबाझाम चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. सीबीडीमुळे क्लोबाझामपासून शरीरात बनणारा सक्रिय घटक रक्तात साठतो आणि रुग्ण दिवसभर गुंगीत राहू शकतो.