मदत हवी आहे: भाचा दुबईत अडकला, पासपोर्ट मालकाजवळ

हुडकेश्वर_रोड
तातडीचं आहे. भाचा वेल्डर म्हणून दुबईला गेला. उतरल्या दिवशीच पासपोर्ट काढून घेतला, पगार एकदाही नाही. परत यायचं म्हणतो तर "आधी आमचा खर्च भर" म्हणतात. इथला एजंट फोन उचलत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे बाहेरच्या देशाचं मॅटर आहे. कुठे जायचं ते एका ओळीत सांगा. "वकील पाहा" सांगू नका.

संत्री_बर्फी
एका ओळीत कसं सांगू भाऊ? व्हिसा कोणता? एजंट नोंदणीकृत आहे का? पोरगा दहावी पास आहे का?

हुडकेश्वर_रोड
दहावी नापास. पण त्याचा इथे काय संबंध? व्हिसा कामाचाच असणार ना, कामाला गेला तर.

जुना_शारजावाला
असणार नको, पाहा. आमच्या वेळी अर्धे लोक असेच जात. व्हिसाचा फोटो टाका, नंबर झाकून.

बुटीबोरी_एमआयडीसी
बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली का? वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, पोरांना शिष्यवृत्ती मिळते. लोक करतच नाहीत.

संत्री_बर्फी
दादा, पोरगा तिकडे उपाशी बसला आहे, तुम्ही शिष्यवृत्ती काय काढता?

हुडकेश्वर_रोड
फोटो मागवला. त्यावर टुरिस्ट लिहिलं आहे, ६० दिवसांचा. एजंट म्हणाला होता तिकडे गेल्यावर बदलून मिळते. १ लाख २० हजार घेतले त्यानं. थोडे फोनपेवर, बाकी नगदी.

धरमपेठची_शुभांगी
आता दहावीचा संबंध सांगते. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा, शेरा असतो. तसा माणूस यूएईसह १८ देशांत कामाला जाणार असेल तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचा करार चढतो, उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. नोंदणीकृत एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. म्हणून तर एजंटनं टुरिस्ट व्हिसा काढला. मनुष्यबळाबद्दल भारत आणि यूएईमध्ये २०१८ चा करार आहे, ई-मायग्रेट त्यांच्या यंत्रणेशी जोडायचंही त्यात ठरलं. पण कागदावर तुमचा भाचा पर्यटक आहे, त्यामुळे दोन्ही सरकारांच्या लेखी तो कामगारच नाही.

जुना_शारजावाला
ताई, भाषण नंतर. हुडकेश्वर भाऊ, माझं ऐका. चार पैसे टाका, पासपोर्ट सोडवा, पोरगा घरी आणा. तक्रार केली तर मालक उलटा पोरावरच केस टाकते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धरमपेठची_शुभांगी
आणि पैसे घेऊनही पासपोर्ट दिला नाही तर? पासपोर्ट दाबून ठेवणं तिथेही बेकायदाच आहे. परवाना नसताना कामाला लावणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. घाबरायचं त्यानं.

जुना_शारजावाला
कायदा मलाही माहीत आहे. पण टुरिस्टवर काम करणारा पोरगाही कायद्यात सापडतोच ना?

धरमपेठची_शुभांगी
म्हणूनच त्यानं एकट्यानं तिथल्या पोलिसांत जायचं नाही, आधी आपल्या वकिलातीत जायचं. मुदत संपली की रोजचे ५० दिरहम दंड चढतो. ६० दिवस कधी भरतात, ते तुम्ही अजून सांगितलंच नाही.

केरळात_पाच_वर्षं
हे सगळं केरळात नोरका पाहते. बाहेर गेलेल्या लोकांसाठी १९९६ पासून वेगळं खातं आहे त्यांचं. आपल्याकडे मुंबईच्या लोकांना विदर्भातून कोणी गल्फला जाते हेच माहीत नाही.

बुटीबोरी_एमआयडीसी
गल्फचं राहू द्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये छत्तीसगडची माणसं लेकरं कडेवर घेऊन नागपूरच्या पारडी नाक्याकडून पायी जात होती, त्यांचं कोणी पाहिलं? १९७९ पासून आंतरराज्य कामगारांचा कायदा होता, ठेकेदारानं प्रवासभत्ता द्यायचा होता. दिला का कोणी?

केरळात_पाच_वर्षं
मुद्दा बरोबर आहे, पण वेगळा धागा काढा ना.

हुडकेश्वर_रोड
तुमचे वाद चालू द्या. मुदतीला आठवडा उरला आहे. दुबईच्या वकिलातीला मेल टाकली, उत्तर नाही. कॅम्प मुसफ्फा का कुठेतरी आहे, एका खोलीत बारा जण.

जुना_शारजावाला
अहो, मुसफ्फा अबुधाबीत येते! दुबईचं कॉन्सुलेट दुबई अन् उत्तरेकडच्या अमिरातींचं पाहते. तुम्हाला अबुधाबीचा दूतावास लागते. काहून आधी सांगितलं नाही?

हुडकेश्वर_रोड
आम्हाला तिकडचं सगळं दुबईच.

धरमपेठची_शुभांगी
मग आजच परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार टाका, इथून नातेवाईकाला टाकता येते. अबुधाबी दूतावास निवडा. कॅम्पचं लोकेशन, कंपनीच्या पाटीचा फोटो, व्हिसाची प्रत, फोनपेच्या पावत्या जोडा. भाच्याला तिथल्या भारतीय मदत केंद्राच्या ८००४६३४२ वर फोन करायला लावा, तिथून फुकट लागतो. पासपोर्ट मिळालाच नाही तर दूतावास परतीपुरता आपत्कालीन दाखला देतो. अगदीच अडलेल्यांना तिकिटासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, तो अर्जात नाव घेऊन मागा. आणि दुसरीकडे काम शोधायला कॅम्प सोडू नको म्हणावं.

संत्री_बर्फी
एजंटचं काय? तो इथेच फिरत असेल ना सीताबर्डीत.

धरमपेठची_शुभांगी
त्याचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत शोधा. नसेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात नोंदणीशिवाय भरती करणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. एरवी खटल्याला केंद्राची परवानगी लागते. पण तक्रार स्वतः कामगारानं, किंवा त्याच्या वतीनं आई, वडील, नवरा, बायको, मुलं, भाऊबहीण, पालक यांनी केली तर लागत नाही. या यादीत मामा नाही. तुमच्या सहीनं गेलात तर परवानगीचं कारण सांगून परत पाठवतील. ताईची सही घ्या.

हुडकेश्वर_रोड
ताई उमरेडला आहे, उद्या सकाळच्या बसनं बोलावतो. मदद पोर्टल ओटीपी मागते, तो माझ्या नंबरवर चालेल का?

संत्री_बर्फी
चालते. फक्त अर्जात नातं "मामा" लिहा, घाईत "मित्र" नको.

जुना_शारजावाला
अन् पोराला म्हणा, पासपोर्टचं पहिलं पान फोनमध्ये असेल तर तुम्हाला आत्ताच पाठवून ठेव. फोनही काढून घेतात ते लोक.